ॲब्स आधी की वजन आधी? गुणे मास्तरांची गोष्ट

मलकापूर, चिखली, खामगावकडून एकच मेसेज येतो: "दादा, ॲब्स कधी मारायचे, वजनाच्या आधी की नंतर?"

उत्तरासाठी फार लांब जायचं नाही. मलकापुरातून भुसावळ, तिथून सुरत लाईन धरली की अमळनेर. शंभरेक वर्षांपूर्वी तिथे जगन्नाथ गणेश गुणे नावाचे शिक्षक होते. पुढे हेच स्वामी कुवलयानंद. योगाकडे वळण्याआधी, १९०७ पासून तीन वर्षं, ते बडोद्यात राजरत्न माणिकरावांकडे आखाड्याचा व्यायाम शिकले होते. आता आखाड्यात पोटाचा वेगळा 'दिवस' नसतोच. जोर काढताना, जोडी फिरवताना, मल्लखांबावर पाय वर नेताना पोट आपोआप कामाला लागतं.

पण गुण्यांना वेगळाच प्रश्न पडला. उड्डियान, नौली करताना पोट आत जातं, तेव्हा आत नेमकं होतं काय? नुसती श्रद्धा ठेवून ते बसले नाहीत. एक्स-रे काढले, दाब मोजायचं यंत्र लावलं. दिसलं असं, की नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो! १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभं राहिलं, 'योगमीमांसा' हे त्रैमासिकही त्याच वर्षी निघालं आणि हे प्रयोग त्यात छापले गेले.

आपल्या बारबेलशी याचा संबंध काय? तिथे सगळं उलटं असतं. श्वास भरून घ्यायचा, रोखायचा, पोट चारी बाजूंनी घट्ट करायचं. आतला दाब वाढतो, म्हणूनच कण्याला आधार मिळतो. दोन सेटच्या मध्ये आरशासमोर पोट आत ओढणारे दिसले की मला म्हणूनच हसू येतं.

पण माझी चूक त्याहून मोठी होती. आधी जळजळ होईपर्यंत क्रंचेस मारायचो, मग स्क्वॉट. एक दिवस थकलेल्या पोटाने साथ सोडली आणि कंबर धरली. पंधरा दिवस बूट घालायला भावाला हाक मारत होतो.

आता स्क्वॉट, डेडलिफ्ट आधी. शेवटची दहा मिनिटं प्लँक आणि बारला लटकून पाय उचलणं, आठवड्यातून तीनदा. उड्डियान सकाळी, रिकाम्या पोटी, तेही शिकवणाऱ्यासमोर. बीपी किंवा हर्निया असेल तर नकोच.

आणि सिक्स पॅक? ते शेगावच्या कचोरीला विचारा. मी रविवारी दोन खातो.