घड्याळातली सदतीस मिनिटं

नववी-दहावीतल्या मुलीला पहाटे उठवताना आपण सगळ्याच म्हणतो, "रात्री जागायचं नि सकाळी लोळायचं! आमच्या वेळी नव्हतं हो असं." आज आम्ही त्या मुलीची बाजू मांडणार आहोत. त्यासाठी थोडं मागे जाऊ.

1 जानेवारी 1906 ला इंग्रज सरकारने साऱ्या देशाला एकच वेळ लावली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्या 39 मिनिटं मागे होती. गिरण्यांची घड्याळं पुढे सरकली तसे कामगार खवळले. आकडा तोच, पण कामावर उभं राहायचं तेवढं आधी! त्या गिरण्यांत आपल्या रत्नागिरीकडची माणसं किती होती, ते जुन्या घरांतून विचारा. शहरातही विरोध होता. महापालिकेने जुनी 'मुंबई वेळ' पुढे 1955 पर्यंत चालवली.

आता घड्याळ सगळीकडे एकच. सूर्य मात्र होता तिथेच आहे. रत्नागिरीत तो घड्याळाच्या सुमारे 37 मिनिटं मागे चालतो. जानेवारीत सात वाजून गेल्यावर उगवतो. सातच्या शाळेला निघालेली पोर अंधारातच एसटीची वाट बघते.

त्यात तिचं वय. झोप आणणारं मेलाटोनिन वयात येताना शरीरात तास-दोन तास उशिरा तयार होऊ लागतं. मोबाइल त्यात भर घालतो, खरंच. पण मूळ कारण शरीरात आहे. झोप मात्र आठ ते दहा तास लागतेच. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने 2022 पासून बहुतेक हायस्कुलं साडेआठच्या आधी भरवायची नाहीत, असा कायदा लागू केला.

आपल्याकडे डिसेंबर 2023 मध्ये राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विषय काढला. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने सांगितलं, चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका. चांगलं झालं. पण धाकटी पोरं तशीही लवकर उठून बसतात. जिला गरज जास्त, ती मोठी मुलगी राहिलीच.

अडचणी आहेत. एका इमारतीत दोन सत्रं भरतात. शाळेची वेळ बदलली तर एसटीचीही बदलायला हवी. आणि सुटायला उशीर झाला तर संध्याकाळी अंधारात पाखाडी चढून येणाऱ्या मुलीची काळजी आईलाच. आम्हालाही याचं सोपं उत्तर सापडलेलं नाही. पण आठवीपर्यंतच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या असतात. पुढच्या बैठकीत शाळेची वेळ आणि गाडीची वेळ, दोन्ही एकदमच मांडा.