काचेच्या बरणीचे घरगुती रंगकाम : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात काचेला मानाचे स्थान आहे. स्वदेशी चळवळीच्या काळात लोकवर्गणीतून उभे राहिलेले जे थोडे कारखाने टिकले, त्यांत तळेगाव दाभाडे येथील पैसा फंड काच कारखान्याचा उल्लेख अग्रक्रमाने केला जातो. या इतिहासात संस्थापक, तंत्रज्ञ व देणगीदार यांची नोंद आढळते. कारखान्यातून बाहेर पडलेली बरणी घरात गेल्यानंतर तिचे काय झाले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला आहे. ती वापरली कोणी, रिकामी झाल्यावर जपली कोणी आणि शेवटी तिच्यावर रंग चढवून ती फडताळावर मांडली कोणी, या प्रश्नांची उत्तरे स्त्रियांच्या घरगुती श्रमाच्या इतिहासात शोधावी लागतात.

रिकाम्या काचेच्या बरणीस वा बाटलीस घरच्या घरी रंग देणे ही एक साधी शोभेची कला आहे. तिला भट्टी लागत नाही, विशेष हत्यार लागत नाही, गुरूची दीर्घ शिकवणीही लागत नाही. याच कारणाने तिची गणना ना लोककलेत होते, ना उद्योगात. ती 'हौस' म्हणून ओळखली जाते. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या पार्श्वभूमीवर या कलेचा विचार केला आहे. बरणी घराघरात पोहोचण्याची प्रक्रिया स्पष्ट करणे, रंगकामाच्या पद्धतींचे स्वरूप सांगणे आणि या श्रमाचे मोल समाजाने कोणत्या रीतीने केले याची चिकित्सा करणे, ही या लेखाची तीन उद्दिष्टे आहेत.

काच : कारागिराकडून कारखान्याकडे

महाराष्ट्रातील सर्वसामान्य घराचा काचेशी आलेला सर्वांत जुना संबंध बांगडीमुळे आला. काचारी बांगड्या घडवीत आणि कासार त्या गावोगाव नेऊन स्त्रियांच्या हाती भरीत. बांगडीच्या काचेतील रंग वरून दिलेला नसे. तो काचरसात मिसळलेल्या धातूंच्या संयुगांमुळे येई. कोबाल्टामुळे निळा, तांब्यामुळे हिरवट-निळा आणि मँगनीजमुळे जांभळट रंग येतो. वाळूतील लोहाच्या अंशामुळे साध्या काचेलाही हिरवी झाक येते. हा रंग काच फुटेपर्यंत काचेचाच राहतो.

काचेवर वरून रंग देण्याची परंपरा वेगळ्या मार्गाने आली. अठराव्या शतकात चीनशी चाललेल्या व्यापारातून काचेच्या मागील बाजूने रंगवलेली चित्रे पश्चिम भारतात आली आणि पुढे येथील चित्रकारांनीही ते तंत्र आत्मसात केले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी काचचित्रे पाहावयास मिळतात. या पद्धतीत नाकडोळ्यांच्या रेषांसारखे बारकावे आधी काढले जातात व पार्श्वभूमीचा रंग शेवटी भरला जातो, कारण पाहणारा काचेच्या दुसऱ्या बाजूस असतो. रंगाचे संरक्षण काचच करते. ही चित्रे दरबारी व सधन घरांपुरती मर्यादित राहिली. सामान्य घरात काचच दुर्मीळ होती, तेथे तिच्यावर रंग देण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

विसाव्या शतकाच्या आरंभी ही स्थिती बदलू लागली. अंताजी दामोदर काळे यांनी दरमाणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारण्याची कल्पना मांडली व लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. या निधीतून 1908 मध्ये तळेगाव येथे काच कारखाना सुरू झाला. परदेशात काचशास्त्राचे शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथील कामाची घडी बसवली. हा कारखाना उत्पादनाबरोबर प्रशिक्षणाचेही केंद्र होता. तेथे तयार झालेले कारागीर देशातील अन्य काच कारखान्यांत गेले. 1916 मध्ये ओगले बंधूंनी औंध संस्थानाच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ काच कारखाना काढला आणि ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील पुढे घरोघर पोहोचला. पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी काचमालाची आयात रोडावली, त्याचाही लाभ देशी कारखान्यांना मिळाला.

बारामती-इंदापूर : बरणी घरात येते

1885 च्या सुमारास बारामती भीमथडी तालुक्यात मोडत असे, तर इंदापूर हा स्वतंत्र तालुका होता. हा सारा पूर्वेकडील अवर्षणप्रवण प्रदेश होता. 1876-77 च्या दुष्काळाचा तडाखा त्याला बसला होता. त्यानंतर नीरा डावा कालवा झाला आणि कालव्याखालच्या गावांत ऊस व गूळ यांचे अर्थकारण उभे राहिले. 1914 मध्ये दौंड-बारामती रेल्वे सुरू झाल्याने बारामतीची पेठ मोठ्या बाजारांशी जोडली गेली. 1930 च्या दशकात शेठ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने इंदापूर तालुक्यात साखर कारखाना उभारला व वालचंदनगर ही वसाहत आकारास आली. स्वातंत्र्योत्तर काळात माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील सहकारी साखर कारखान्यांनी याच प्रक्रियेला गती दिली.

या आर्थिक बदलाचे प्रतिबिंब स्वयंपाकघरात उमटले. लोणचे, मुरांबा, मीठ यांसाठी परंपरेने चिनी मातीची बरणी वापरली जाई. तिच्या तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधण्याची रीत होती. काचेची बरणी प्रथम दिसली ती किराणा दुकानात, गोळ्या-बिस्किटे ठेवण्यासाठी. घरात ती आली ती बहुधा दुसऱ्या वस्तूचे वेष्टन म्हणून. औषधाची बाटली, पुढे हॉर्लिक्ससारखी पेये, कॉफी व जॅम यांच्या बरण्या हे तिचे रूप होते. आतला माल संपला तरी बरणी टाकून दिली जात नसे. तिच्यात डाळी, मसाले, सुपारी, बटणे, दोरे भरले जात. अधिक झालेल्या बाटल्या भंगारवाल्याला विकल्या जात व त्याचे चार पैसे गृहिणीच्या हाती राहत.

या टप्प्यावर बरणी रंगवली जात नसे, याची कारणे तिच्या उपयोगातच सापडतात. आतला पदार्थ बाहेरून दिसणे हाच काचेच्या बरणीचा गुण होता. रंग दिल्यास तो गुण नाहीसा झाला असता. 1980 व 1990 च्या दशकांत प्लास्टिकच्या हलक्या, न फुटणाऱ्या डब्यांनी फडताळे व्यापली. काचेची बरणी साठवणुकीच्या कामातून हळूहळू मोकळी झाली आणि मोकळी झालेली बरणी रंगकामासाठी उपलब्ध झाली. सारांश, काचेचे दुर्भिक्ष संपल्यावरच तिच्या शोभेकडे घराचे लक्ष गेले.

रंगकामाच्या पद्धती

घरगुती रंगकामाच्या दोन प्रमुख पद्धती प्रचलित आहेत. पहिल्या पद्धतीत रंग बाहेरून दिला जातो. बरणी कोमट पाण्यात भिजवून तिच्यावरील कागद व डिंक काढतात आणि तेलकटपणा जाण्यासाठी ती स्पिरिटने पुसतात. आतून नमुन्याचा कागद लावून बाहेरून नळीतील घट्ट रंगाने उठावदार बाह्यरेषा काढतात. ती वाळल्यावर मधल्या जागांत पारदर्शक काचरंग भरतात. बरणी गोल असल्याने ओला रंग ओघळतो, म्हणून ती आडवी ठेवून एका वेळी एकच बाजू पूर्ण करावी लागते. एक बरणी पूर्ण होण्यास त्यामुळे दोन ते तीन दिवस लागतात. असे रंग 1990 च्या दशकापासून छोट्या बाटल्यांच्या संचात सहज मिळू लागले.

दुसरी पद्धत अधिक स्वस्त आहे. पांढऱ्या डिंकात थोडे पाणी व खाण्याच्या रंगाचे काही थेंब मिसळून ते मिश्रण बरणीच्या आत ओततात व बरणी सर्व बाजूंनी फिरवतात. आतील भिंतीवर पातळ थर बसला की बरणी पालथी घालून जादा मिश्रण निथळू देतात. ओला असताना दुधाळ दिसणारा हा थर वाळल्यावर पारदर्शक होतो आणि बरणी रंगीत काचेची असल्यासारखी भासते. काचेच्या आड रंग ठेवण्याचे तत्त्व येथे अठराव्या शतकातील काचचित्रांसारखेच आहे.

या दोन पद्धतींतील फरक सामाजिक दृष्टीनेही लक्षणीय आहे. बाहेरून रंगवलेली बरणी साठवणुकीस वापरता येते, मात्र घासताना रंग निघतो. आतून रंगवलेल्या बरणीत पाणी वा खाद्यपदार्थ ठेवता येत नाही, कारण पाणी लागताच थर विरघळतो. खाण्याचा रंग उन्हात फिका पडतो आणि आत पेटता दिवा ठेवणे धोक्याचे असल्याने विजेच्या लहान दिव्यांची माळच ठेवावी लागते. तात्पर्य, आतून रंग दिला की बरणीचे भांडेपण संपते व ती केवळ शोभेची वस्तू उरते. ज्या घराला एक भांडे कमी झाल्याची चिंता उरलेली नाही, तेच घर हा निर्णय घेऊ शकते.

श्रमाचे मोल : रुखवत, शाळा आणि बाजार

रंगवलेल्या बरणीचे मूल्य समाजाने तीन ठिकाणी, तीन प्रकारे ठरवले. त्यांतील पहिले ठिकाण रुखवत होय. मूलतः वधूपक्षाकडून वरपक्षाला दिला जाणारा फराळ असे रुखवताचे स्वरूप होते. पुढे त्यात वधूच्या हस्तकौशल्याच्या वस्तूंची मांडणी महत्त्वाची ठरली. विणकाम, भरतकाम, मण्यांची तोरणे यांच्या पंक्तीत रंगवलेल्या बाटल्या व बरण्या आल्या. येथे बरणीला किंमत नव्हती, परीक्षा होती. मुलगी 'हाताने गुणी' आहे याचा तो पुरावा मानला जाई. प्रत्यक्षात त्या वस्तूंमागे आई, बहिणी, मावश्या व मैत्रिणी यांचेही हात असत, परंतु श्रेय व परीक्षा दोन्ही एकट्या वधूच्या वाट्याला येत. अलीकडे रुखवत तयार विकत वा भाड्याने आणले जाते. त्यामुळे कौशल्याचा पुरावा ही त्याची भूमिका क्षीण झाली असून मांडणीची हौस तेवढी उरली आहे.

दुसरे ठिकाण शाळा. 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवण्याचा विचार मांडला. 1964-66 च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली आणि 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याची संकल्पना पुढे आणली. यामागे उत्पादक श्रमाला प्रतिष्ठा देण्याचा हेतू होता. वर्गात मात्र अनेकदा टाकाऊतून टिकाऊ वस्तू हे त्याचे सोपे रूप झाले आणि रंगवलेली बाटली हा त्याचा ठरलेला नमुना बनला. येथे बरणीचे मूल्य गुणांत झाले. मुलाने आणलेली वस्तू बहुतेकदा घरातील स्त्रीने पूर्ण केलेली असे, ही बाब शिक्षकवर्गास अपरिचित नाही.

तिसरे ठिकाण बाजार. 1992 मध्ये नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. त्यानंतर महाराष्ट्रात महिला बचत गटांचा विस्तार झाला व त्यांच्या मालासाठी प्रदर्शने भरू लागली. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टतर्फे पुण्यात भरणारी 'भीमथडी जत्रा' जुन्या तालुक्याचे नाव पुढे नेत ग्रामीण महिलांच्या उत्पादनांना शहरी ग्राहक मिळवून देते. पापड, मसाले यांसारख्या मालाचा भाव ठरवताना कच्चा माल व मजुरी यांचा हिशेब मांडता येतो. शोभेच्या बरणीबाबत हा हिशेब अवघड होतो. बरणी फुकट मिळालेली, रंग थोडा, आणि मजुरी तर धरलीच जात नाही, कारण काम 'फावल्या वेळातले'. ग्राहकही तिची तुलना यंत्रावर तयार झालेल्या रंगीत काचेशी करतो. परिणामी दोन-तीन दिवस लक्ष पुरवून केलेल्या कामाचा भाव रंगाच्या खर्चाभोवतीच घुटमळतो.

रुखवतात शाबासकी, शाळेत गुण व बाजारात भाव असे मोल करण्याचे माप बदलत गेले. तिन्ही ठिकाणी वगळली गेलेली गोष्ट एकच आहे, ती म्हणजे करणारीचा वेळ. 'हौस' हा शब्द आनंदाचा आहे आणि त्या आनंदाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. तथापि श्रमाची नोंद टाळण्यासाठी तोच शब्द सोयीचा ठरला, हेही नमूद करणे आवश्यक आहे. पैसा फंडाच्या इतिहासात एका पैशाची वर्गणी देणाऱ्या अनामिक माणसाला स्थान मिळाले. त्याच काचेचा पुढचा प्रवास घडवणाऱ्या अनामिक स्त्रीला ते अद्याप मिळालेले नाही.

निष्कर्ष

1. काचेच्या बरणीचे घरगुती रंगकाम ही काच मुबलक झाल्यानंतरची कला आहे. तिचा उगम कालवा, रेल्वे, साखर कारखानदारी व वेष्टनबंद मालाचा प्रसार यांनी घडवलेल्या घरगुती अर्थकारणात आहे.

2. तंत्रदृष्ट्या ती साधी असली तरी काचेच्या आड रंग देण्याच्या जुन्या परंपरेशी तिचे नाते दाखवता येते.

3. आतून रंग दिल्याने बरणीचे भांडेपण संपते. हा बदल घराच्या राहणीमानाचा निदर्शक म्हणून अभ्यासता येतो.

4. रुखवत, कार्यानुभव व बचत गट या तिन्ही व्यवस्थांनी वस्तूचे मोल केले, वेळेचे केले नाही. भाव ठरवताना मजुरीचे तास लिहून ठेवण्याची साधी सवय बचत गटांनी अंगीकारल्यास या त्रुटीची दुरुस्ती सुरू होऊ शकेल.

5. स्थानिक इतिहासाच्या अध्यापनात घरातील वस्तूंना साधन म्हणून स्थान द्यावे. घरातील जुन्या बरणीविषयी विद्यार्थ्याने आजीला विचारलेले प्रश्न कारखान्याच्या इतिहासातील मोठी उणीव भरून काढू शकतात.