पाटी वाचून दाखवणारा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. कुराणापुरती अरबी अक्षरं तिला लावता यायची. बाकी देवनागरी काय आणि इंग्रजी काय, तिच्या लेखी सगळं सारखंच. तरीही शेवटच्या काही वर्षांत नेरूळच्या आमच्या घरात बसून तिनं चार-पाच इराणी सिनेमे पाहिले. पडद्याखाली इंग्रजी ओळी धावायच्या आणि मी त्या आमच्या श्रीवर्धनकडच्या बोलीत तिला सांगत जायचो. मी काही नवं करत होतो अशातला भाग नाही. हे काम मुंबईत शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आलं आहे. श्रोतेहो, आज त्याच्याविषयीच थोडं बोलायचं आहे.

७ जुलै १८९६ रोजी काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसानं सहा छोटी चलच्चित्रं दाखवली. तिकीट एक रुपया. म्हणजे सिनेमा आपल्याकडे आला तोच मुळी परदेशी पाहुणा म्हणून. काही दिवसांतच नॉव्हेल्टी थिएटरात खेळ सुरू झाले आणि तिथे गोषातल्या बायकांना बसण्याची वेगळी सोयही झाली. आगगाडी फलाटावर येते, कामगार कारखान्यातून बाहेर पडतात, हे बघायला कोणतीच भाषा लागत नव्हती. पुढे गोष्टी मोठ्या झाल्या तशा मधेमधे पाट्या येऊ लागल्या. आणि पाटी आली की प्रश्न आला, वाचणार कोण? थिएटरात चार यत्ता शिकलेला कुणीतरी असायचाच. तो मोठ्यानं वाचायचा आणि त्याच्या भोवतीची पाच-पन्नास माणसं त्याच्या आवाजातून सिनेमा बघायची. या वाचणाऱ्यांची नावं सिनेमाच्या इतिहासात कुठे सापडत नाहीत. मला त्यांच्याविषयी फार आपुलकी वाटते.

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती एका प्रेक्षकाची गोष्ट आहे हे आपण विसरतो. १९१०-११च्या सुमारास गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा परदेशी मूकपट पाहिला. डोळ्यांसमोर येशू होता आणि मनात राम-कृष्ण दिसत होते, असं त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकात लिहिलं. शेजाऱ्यांकडून उसने पैसे घेऊन त्यांनी सरस्वतीबाईंनाही तो खेळ दाखवायला नेलं. १९१३च्या मे महिन्यात गिरगावातच, कोरोनेशनमध्ये, ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. परक्याची गोष्ट बघताना माणूस घर विसरत नाही, उलट त्याला घर जास्त स्वच्छ दिसतं, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलला आणि प्रत्येक भाषेची भिंत उभी राहिली. ‘प्रभात’वाले ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत असा दोनदा करू लागले. आणि गंमत अशी की दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. आपल्या देहूचा वाणी तिथल्या लोकांसाठी परभाषेतला! इंद्रायणीचं पाणी त्यांना कसं दिसलं असेल, कुणास ठाऊक.

१९५२च्या जानेवारीत देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला. इटलीचा ‘बायसिकल थीव्ज’ तेव्हा इथल्या लोकांनी पाहिला. सायकल चोरीला जाते, बाप आणि लहान मुलगा ती शोधत फिरतात, गोष्ट एवढीच. बिमल रॉय यांचा ‘दो बीघा जमीन’ पुढच्याच वर्षी आला आणि त्यात बाप-लेक कलकत्त्याच्या रस्त्यावर राबताना दिसले. याला नक्कल म्हणणारे असतात. मी त्याला फाळक्यांच्या जातीचं पाहणं म्हणतो.

आमच्या पिढीच्या वाट्याला फिल्म सोसायट्या आल्या. दिनकर गांगल, सुधीर नांदगावकर आणि त्यांच्या मित्रांनी १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू केलं. वकिलातींकडून, पुण्याच्या फिल्म अर्काइव्हकडून रिळं आणायची, खुर्च्या मांडायच्या, सिनेमानंतर चर्चा करायची. सोसायटीच्या सिनेमांना सेन्सॉरची कात्री लागत नसे, त्यामुळे कलेपेक्षा कात्री न लागलेल्या प्रसंगांसाठी आलेले सभासदही असत. मीही पहिल्यांदा मित्राबरोबर गेलो तो फार पवित्र हेतूनं गेलो होतो असं म्हणणार नाही. पण त्या दिवशीच्या पोलिश सिनेमात दीड तास नुसता पाऊस आणि चिखल होता, आणि मी मात्र पुन्हापुन्हा जात राहिलो. वाशीपर्यंत लोकल १९९२ मध्ये आली. त्यानंतर हार्बरनं कुर्ला, तिथून दादर आणि रात्री परत, असा तो उद्योग होता. चर्चा रंगात आली की आम्ही खाडीपलीकडचे लोक घड्याळ बघत उठायचो. कित्येक थोर सिनेमांविषयीचं शेवटचं मत मी शेवटच्या गाडीमुळे ऐकलेलंच नाही.

त्याआधी, ऐंशीच्या दशकात, आखातातून येणाऱ्या चुलत्या-मामांबरोबर आमच्या गावात व्हीसीआर आला होता. त्यावर ‘अनकही’, ‘तनहाइयाँ’, ‘धूप किनारे’ या पाकिस्तानी मालिकांच्या कॅसेटी फिरत. हसीना मोईन यांनी लिहिलेल्या या मालिकांतल्या मुली हुशार, वांड आणि बोलक्या होत्या. मोजक्या भागांत गोष्ट संपत असे. आपल्या मालिकांना संपण्याची कला अजून साधलेली नाही. इथे एक खुलासा करतो. आजही कुणी या मालिकांचा विषय काढला की माझ्याकडे बघून म्हणतं, ‘‘तुम्हाला काय, तुमचीच भाषा.’’ तसं नव्हतं. आमच्या घरात कोकणी मुसलमानांची मराठी बोली. कराचीच्या दिवाणखान्यातलं ते उर्दू माझ्या आईला निम्मंअर्धं समजायचं, जेवढं शेजारच्या जोशीकाकूंना समजायचं तेवढंच. दोघी एकमेकींना अर्थ विचारत बसायच्या. २०१४ मध्ये ‘जिंदगी’ वाहिनीवर अशा मालिका पुन्हा दिसू लागल्या, २०१६ मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर गेल्या. २०२५ मध्ये पहलगामनंतर त्यांच्या यूट्यूब वाहिन्याही इथे बंद झाल्या. हल्ल्यात माणसं गेली, त्यापुढे मालिकेचं दुःख ते काय करायचं. पण या सगळ्या काळात माझ्या आवडीनिवडीकडे मात्र कुणीतरी हजेरी घेतल्यासारखं बघत होतं, एवढं नोंदवून पुढे जातो.

आईसाठी मी पहिल्यांदा लावला तो अब्बास किआरोस्तामी यांचा १९८७चा सिनेमा. अहमद नावाचा मुलगा चुकून वर्गमित्राची वही घरी आणतो. मित्रानं पुन्हा वहीत गृहपाठ आणला नाही तर त्याला शाळेतून काढणार असं मास्तरांनी बजावलेलं असतं. ती वही द्यायला अहमद टेकडी ओलांडून शेजारच्या गावात धावतो आणि त्याला घर सापडत नाही. मी सांगायला सुरुवात केली तर आई म्हणाली, ‘‘तू गप रव. दप्तर राहिलाय त्याच्याकडं.’’ फारसीत वहीला ‘दफ्तर’ म्हणतात. तिकडची वही आपल्याकडे येताना कधी पेशव्यांचं दप्तर झाली, कधी शाळेची पिशवी. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तो दरबारातली फारसी कमी करावी म्हणून. पण ‘दप्तर’, ‘दवाखाना’, ‘कारखाना’, ‘जमीन’ हे शब्द घरात इतके मुरले होते की ते कुठून आलेत हे विचारायचंच राहून गेलं. ‘दोस्त’ आला, आई हसली. ‘खाने’ म्हणजे घर हेही तिनं तोफखाना-दवाखान्यावरून ताडलं. सिनेमा संपला तेव्हा तिचा एकच प्रश्न होता, ‘‘दिलान का त्याचा दप्तर?’’ दिलं होतं. मित्राचा गृहपाठसुद्धा स्वतः लिहून दिला होता.

नंतर एकदा मी असगर फरहादी यांचा २०११चा ‘अ सेपरेशन’ लावला. ती चूक होती की नव्हती, अजून ठरवता येत नाही. त्या वर्षी आमच्या धाकट्या बहिणीचं प्रकरण कोर्टात होतं आणि आईसमोर तो विषय कुणी काढत नसे. सिनेमा सुरू होतो तो न्यायाधीशासमोर बसलेल्या नवरा-बायकोवर. खालच्या ओळी वाचताना माझी जीभ अडखळली. ‘‘परदेशी जायचंय तिला, त्यावरून भांडण आहे,’’ असं मी सांगितलं. खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं. आईनं पडद्यावरची नजर काढली नाही. ती म्हणाली, ‘‘तलाक म्हणाली ती. ऐकला मी.’’

त्यानंतर मी एकही ओळ गाळली नाही. घरकामाला आलेली राजिया, म्हाताऱ्याचं अंग धुणं पाप तर नाही ना, असं फोन करून विचारते, तेव्हा आई म्हणाली, ‘‘विचारायचं काय त्यात? म्हातारा ओला बसलाय.’’ शेवटी, आपलं मूल गेलं ते याच माणसामुळे अशी कुराणावर हात ठेवून शपथ घे, असं राजियाला सांगतात. पैशाची एवढी नड असून ती घेत नाही, कारण तिच्याच मनात शंका आहे. तेव्हा आई काहीच बोलली नाही. ऑस्कर मिळालेल्या त्या सिनेमावर मी पुष्कळ परीक्षणं वाचली. यात वाईट माणूस कोण, यावर बरीच चर्चा होती. आईनं तो प्रश्न विचारलाच नाही. दिवे लावताना तिनं विचारलं, ‘‘पोरगी कुणाकडं राहिली?’’ सिनेमात ते सांगितलेलं नाही. ‘‘मंग तिला विचार,’’ ती म्हणाली. कुणाला, ते मला कळलं. त्या रात्री मी बहिणीला फोन लावला आणि आमच्या घरात चार महिन्यांनी त्या विषयावर कुणीतरी बोललं.

आता माझी मुलगी कोरियन मालिका बघते. ‘पॅरासाइट’चे दिग्दर्शक बोंग जून-हो २०२० मध्ये म्हणाले होते की खालच्या ओळींचा एक इंच उंचीचा अडसर ओलांडलात की कितीतरी सिनेमे भेटतील. खरं आहे, पण त्या एका इंचात बरंच सांडतंही. कोरियनमध्ये मुलीचा मोठा भाऊ ‘ओप्पा’ आणि मुलाचा मोठा भाऊ ‘ह्योंग’. इंग्रजी ओळीत बहुतेक वेळा नुसतं नाव येतं. ‘‘मराठीत दादा म्हण की,’’ मी सुचवलं. ‘‘बाबा, ती त्याच्या प्रेमात आहे!’’ मुलगी म्हणाली. मग मात्र मला मराठी सुचेना.

मोतीबिंदूमुळे गेले वर्षभर मला त्या ओळी नीट दिसत नाहीत. मुलगी शेजारी बसून सांगते. कंटाळा आला की मधली वाक्यं गाळते. मला ते कळतं. मी परवा तिला थांबवलं आणि म्हटलं, ‘‘मागे घे. ती रडली त्याच्या आधी काय म्हणाली, ते वाच.’’