पावसाळ्यात मराठ्यांचे आरमार कुठे असे?

थंड देशांत नौका हिवाळ्यासाठी आवरून ठेवतात. कोकणात हे काम पावसाळ्यापूर्वीचे. शिडे उतरवायची, दोरखंड वाळवायचे, तळाचे पाणी उपसून आतली पोकळी कोरडी करायची, वर छप्पर घालायचे. आत ओल कोंडली की लाकूड कुजते. कोळी समाजात याला आजही नाव ‘शाकारणे’ म्हणतात.

मराठ्यांपुढे याहून मोठा प्रश्न होता. चार महिने निश्चल पडणाऱ्या गुराबा आणि गलबते राखायची कशी?

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त (सुमारे १७१५) याचे उत्तर सापडते. समुद्र खवळण्याच्या काही दिवस आधीच आरमाराची छावणी करावी. जहाजे उघड्या दर्यात, अगदी जलदुर्गाखालीही, ठेवू नयेत. किल्ल्याच्या आश्रयाचे सुरक्षित बंदर निवडावे. रात्री गस्त असावी. शिवाय दरवर्षी बंदर बदलावे, कारण आरमारी लोकांच्या मुक्कामाचा उपद्रव एकाच मुलखाने का सोसावा?

याच प्रकरणात जहाजांसाठी रयतेची आंब्याफणसाची झाडे तोडण्यासही मनाई आहे. लाकूड आणि आसरा दोन्ही हवे होते, पण रयतेला नागवून नव्हे.

पहाऱ्याचे मोल पुढे कळले. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांशी करार करून आलेल्या इंग्रजांनी विजयदुर्गावर तोफा डागल्या. बंदरात दाटीने उभे असलेले तुळाजी आंग्र्यांचे आरमार पेटले. एका जहाजाची आग दुसऱ्यावर गेली आणि कित्येक वर्षांच्या मेहनतीने उभारलेले ते बळ बंदरातच जळून गेले.