पॅरिसच्या शिंपिणींची सनद

सतराव्या शतकातील पॅरिसमध्ये कपडे शिवून विकण्याचा कायदेशीर हक्क शिंप्यांच्या गिल्डकडे, म्हणजे राजसत्तेने मान्यता दिलेल्या बंदिस्त व्यवसायसंघाकडे होता. शिंप्याच्या विधवेला नवऱ्याचे दुकान चालवता येई, मुलींना थोडे मर्यादित काम करता येई. बाकीच्या स्त्रिया मात्र चोरूनच शिवणकाम करीत. गिल्डचे अधिकारी छापे घालून त्यांचा माल जप्त करीत, तरीही त्यांच्याकडची गिऱ्हाइके तुटली नाहीत.

मार्च 1675 मध्ये चौदाव्या लुईने या ‘कुत्युरिएर’ स्त्रियांना स्वतःच्या गिल्डची सनद दिली. स्त्रियांचे कपडे स्त्रियांनीच शिवणे लज्जेला धरून आहे, असे कारण सनदेत नमूद होते. पण दोनच वर्षांपूर्वी, डच युद्धाचा खर्च वाढत असताना, मंत्री कोल्बेर याने सर्व धंद्यांना गिल्डमध्ये बांधण्याचे फर्मान काढले होते आणि नव्या गिल्डकडून तिजोरीत शुल्क जमा होणार होते, हे ध्यानात घेतले म्हणजे राजाच्या शालीनतेच्या आस्थेला तिचे योग्य माप मिळते.

सनदेने हद्द आखली ती पोशाखांच्या प्रकारांवरून. सैल झगे, घागरे, स्त्रियांचे इतर कपडे आणि आठ वर्षांपर्यंतच्या मुलग्यांचे कपडे शिंपिणींकडे आले. देवमाशाच्या तोंडातील लवचीक पट्ट्या घालून ताठ केलेली, धड आवळणारी ‘कोर’ नावाची काचोळी आणि दरबारी पोशाख शिंप्यांकडेच राहिले. म्हणजे अंगाला सर्वांत घट्ट बसणाऱ्या वस्त्राचे माप पुरुषच घेत राहिला, आणि लज्जेचा युक्तिवाद नेमका तिथेच गप्प बसला.

शिंप्यांना ही वाटणी तेव्हा फारशी महाग वाटली नसावी, पण फॅशनने ती उलटवली. ‘मांतो’ हा मुळात घरगुती सैल झगा होता. त्यात कापड अंगाच्या आकाराने बेतून कापण्याऐवजी त्याचे लांब सरळ पट्टे खांद्यांवरून सोडून, चुण्या घालून अंगावरच बसवीत आणि मोजक्या टाक्यांनी पक्के करीत. रेशीम शिलाईच्या मजुरीपेक्षा कितीतरी महाग असल्याने, उसवले की जवळजवळ अखंड कापड हाती येणारा हा झगा गिऱ्हाइकाच्या फायद्याचा होता. शतक संपेपर्यंत तो बाहेर मिरवण्याचा पोशाख झाला आणि त्याबरोबर स्त्रियांच्या वस्त्रांचा मोठा बाजार शिंपिणींच्या हाती गेला. 1769 मध्ये गार्सो याने शिंपीकलेवर लिहिलेल्या ग्रंथात कुत्युरिएरला स्वतंत्र प्रकरण आहे.

या गिल्डचे महत्त्व केवळ शिलाईपुरते नव्हते. मुली तीन वर्षे उमेदवारी आणि त्यानंतर आणखी काही काळ काम करून ‘मेत्रेस’, म्हणजे सनदी कारागीर होत. अनेक जणी अविवाहित राहून स्वतःच्या नावावर धंदा करीत. गिल्डचा कारभारही स्त्रियाच पाहत. अर्थात प्रवेशशुल्क न परवडणाऱ्या गरीब स्त्रिया बाहेरच राहिल्या आणि आता त्यांच्यावर छापे घालणाऱ्यांत मेत्रेसही होत्या.

पुढे पोशाखाची नजाकत शिलाईपेक्षा फिती, जाळ्या आणि पिसांत अधिक दिसू लागली, तशा ‘मार्शांद द मोद’ नावाच्या सजावटकार व्यापारी स्त्रिया पुढे आल्या. 1776 मध्ये तुर्गो या मंत्र्याने गिल्ड रद्द केले आणि काही महिन्यांतच ते नव्या रचनेत परत आले, तेव्हा या स्त्रियांनाही स्वतंत्र स्थान मिळाले. राणी मारी आंत्वानेतसाठी काम करणारी रोझ बेर्तें त्यांची प्रमुख झाली. 1791 मध्ये क्रांतिकारक संविधान सभेने सर्वच गिल्ड मोडले. कोणालाही कोणताही धंदा करण्याची मुभा मिळाली, पण स्त्रियांच्या ताब्यातील ही संस्थाही त्याच कायद्याने गेली.