चिकणमातीतील पंचांग

उत्तर युरोपवरील हिमस्तर कधी ओसरला, याचा हिशेब स्वीडनमध्ये चिकणमातीवरून मांडला गेला. स्टॉकहोमजवळच्या मातीत एक फिकट, एक काळसर असे थर एकाआड एक दिसत. उन्हाळ्यात वितळत्या बर्फाचे पाणी भरड गाळ आणी. हिवाळ्यात गोठलेल्या पृष्ठाखाली बारीक गाळ सावकाश तळाशी बसे. थरांची एक जोडी म्हणजे एक वर्ष, हे जेरार्ड डे गीर या भूशास्त्रज्ञाने ओळखले.

पण एकाच ठिकाणी सारी वर्षे कुठून मिळणार? बर्फाची कड उत्तरेकडे हटे, तसा दर वर्षीचा नवा थर थोडा अधिक उत्तरेपर्यंत पोहोचे. म्हणून १९०५ च्या उन्हाळ्यात डे गीर यांनी विद्यार्थ्यांना ठिकठिकाणी धाडून थरांची जाडी मोजून घेतली आणि जाड-पातळ वर्षांचा क्रम जुळवीत एक खाण दुसरीशी सांधली. काम कंटाळवाणे खरे. पण १९१० साली स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषदेत त्यातूनच बारा हजार वर्षांची कालगणना उभी राहिली.

बर्फाच्या कडेशी साचलेले हिमोढांचे लहान बांधही त्यांनी वार्षिकच मानले. ते मत आज सर्वमान्य नाही. थरांच्या साखळीतूनही काही शतके निसटल्याचे पुढे आढळले; मोजणीची रीत मात्र टिकली.