मेस्तची शाळा, मुंबईचा वाद्यवृंद

पन्नास-साठच्या दशकातलं हिंदी चित्रपटगीत लावलं की अंतऱ्याच्या आधी व्हायोलिनची एक लाट उठते. ती वाजवणाऱ्यांपैकी कित्येकांनी म्युझिक कॉलेजाचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. त्यांचं शिक्षण झालं होतं गोव्याच्या एखाद्या खेड्यात, चर्चला लागून असलेल्या प्राथमिक शाळेत. ताडदेव, महालक्ष्मी, परळच्या स्टुडिओंत पुढे जे घडलं, त्याची सुरुवात या शाळांत शोधावी लागते.

पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात गोव्यात ख्रिस्ती धर्माचा प्रसार केला, तेव्हा चर्चपाठोपाठ शाळाही आली. हेतू उघड होता. मुलांना प्रार्थना पाठ व्हाव्यात, अक्षरओळख व्हावी आणि रविवारच्या मिस्साला गाणारे गळे तयार व्हावेत. धर्मांतराचा तो काळ जुलमाचा होता आणि ते विसरून या शाळांबद्दल बोलता येणार नाही. पण एकदा रुजल्यावर शाळा गावची झाली. तिचा खर्च चर्चच्या आणि गावसंस्थेच्या उत्पन्नातून चाले. तिथे शिकवणाऱ्याला गावात ‘मेस्त’ म्हणत. चर्चमधला गायकवृंद तोच सांभाळी, ऑर्गन वाजवी, सणाला मोतेत, म्हणजे धार्मिक समूहगीतं, बसवी आणि संध्याकाळी घरोघरी होणाऱ्या लादाइन्यांना, म्हणजे प्रार्थनांना, व्हायोलिन घेऊन जाई.

त्याची शिकवण्याची रीत कडक होती. वाद्याला हात लावायच्या आधी सोल्फेज, म्हणजे कागदावरची स्वरलिपी बघून दो-रे-मी म्हणायचं, हाताने ताल धरायचा. कागद समोर आला की न अडखळता म्हणता आलं पाहिजे. ते जमलं की मग व्हायोलिन. पुढे अक्षरओळखीचं काम सरकारी शाळांकडे सरकत गेलं तरी संगीत चर्चच्या शाळेतच राहिलं. शेतकऱ्याचा, खलाशाचा, सुताराचा मुलगा वयाच्या दहाव्या वर्षी युरोपीय स्वरलिपी सहज वाचू लागे. हिंदुस्थानात त्या काळी इतक्या सामान्य घरांत हे कौशल्य दुसरीकडे क्वचितच सापडलं असतं.

गोव्यात मात्र या कौशल्यावर पोट भरत नव्हतं. गावच्या फेस्ताला बँड लागे, लग्नाला लागे, त्यापलीकडे काम नव्हतं. म्हणून ही मुलं मुंबईला आली. धोबीतलाव, काव्हेल, माझगाव इथे गावोगावचे ‘कूड’, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक राहण्याच्या जागा, होत्या. आपल्या गावचा कूड गाठायचा, ट्रंक ठेवायची, जमिनीवर पथारी टाकायची, महिन्याचं किरकोळ भाडं द्यायचं, संध्याकाळी सगळ्यांबरोबर तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना, म्हणायचा. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत असे अनेक कूड एकाखाली एक होते. सोनापूरचं अवर लेडी ऑफ डोलर्स, डाबुळचं सेंट फ्रान्सिस झेवियर ही चर्चेस चालण्याच्या अंतरावर. त्याच डाबुळात सेंट सेबास्टियन गोवन हायस्कूल उभं राहिलं; शाळेच्या नावातच ‘गोवन’ लावावं इतकी ही वस्ती या भागात मुरली होती. तियात्र या कोकणी नाट्यप्रकाराचा जन्मही गोव्यातला नव्हे, मुंबईतलाच. १७ एप्रिल १८९२ रोजी न्यू आल्फ्रेड थिएटरात ‘इटालियन भुरगो’ झाला आणि वाद्यं वाजवणाऱ्यांना आणखी एक काम मिळालं.

आधी मूकपटांना साथ, मग हॉटेलांतले जॅझ बँड, आणि बोलपट आल्यावर स्टुडिओ. इथे मेस्तच्या शिकवणीला खरा भाव आला. संगीतकार पेटीवर चाल बांधून गाऊन दाखवी. तीस-चाळीस वादकांनी काय वाजवायचं, हे कुणीतरी कागदावर उतरवावं लागे. ते काम अरेंजरचं. उतरवलेलं सगळ्यांना वाचताही आलं पाहिजे, तेही स्टुडिओचं भाडं चढत असताना, एक-दोन तालमींत. लिहिणारे आणि वाचणारे दोघेही बहुतेक गोव्याच्या त्याच शाळांतून आलेले होते.

रेईश मागूशचे सेबास्टियन डिसोझा लाहोरच्या हॉटेलांत वाजवत. फाळणीनंतर ते मुंबईला आले आणि शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना त्यांनी दीर्घकाळ केली. हळदोण्याचे अँतोनियो झेवियर व्हाझ ट्रम्पेटवादक. लोक त्यांना ‘चिक चॉकलेट’ म्हणत. पुणतांब्याचे संगीतकार रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांच्याबरोबर त्यांचं काम चाले. १९५१च्या ‘अलबेला’मध्ये ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. मराठी माणसाला ‘अलबेला’ म्हटल्यावर भगवानदादांचा नाच आठवतो आणि ते योग्यच आहे. पण त्या नाचामागे हळदोण्याचा ट्रम्पेट आहे, हेही आठवायला हवं.

आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. १९२७चा जन्म. वडील माजोर्ड्याच्या चर्चमध्ये गायकवृंदाचे प्रमुख, तेव्हा घर आणि शाळा एकच. १९४३ साली ते मुंबईत आले आणि संगीतकार नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. पुढे त्यांनी स्वतः मेस्तचंच काम केलं: पुढे संगीतकार झालेल्या प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना शिकवलं. १९५८ साली धोबीतलावजवळच्या सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांनी शंभराहून अधिक वादकांचा वाद्यवृंद उभा केला. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. रागदारीला पाश्चात्त्य वाद्यवृंदात बसवण्याचा तो प्रयत्न होता. स्टुडिओत एका दिवसात काम उरकणाऱ्या या लोकांना संगीताबद्दल स्वतःचं काही म्हणायचं होतं, याचा याहून मोठा पुरावा नाही. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात त्यांचं नाव आलं, ते शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे.

बाकीच्यांची नावं मात्र कुठेच आली नाहीत. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकार, फार तर एखादा साहाय्यक. ट्रम्पेट कुणाचा, व्हायोलिनच्या पहिल्या रांगेत कोण, याची नोंद नाही. रेकॉर्डवरही नाही. हा अन्याय आहे आणि तो आजही पुरता भरून निघालेला नाही. वादकांनाच श्रेय नाही, तिथे त्यांना गावात सोल्फेज शिकवणाऱ्या मेस्तची आठवण कोण ठेवणार?

साठच्या दशकात या शाळांचा पाया हलला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनमधून लोकभाषेत आली. जुन्या बहुस्वरी रचनांची गरज कमी झाली आणि गिटार पुढे आली. १९६१ साली पोर्तुगीज राजवट संपल्यानंतर गोव्यात सरकारी शाळा गावोगाव पोहोचल्या. काही चर्चेसमध्ये संगीताचे वर्ग टिकले; पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण मिळू लागलं. इकडे मुंबईत पुढे सिंथेसायझरने मोठे वाद्यवृंद मोडीत काढले.

गोन्साल्विस १९६५ साली अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले, परतल्यावर माजोर्ड्यात राहिले आणि १८ जानेवारी २०१२ रोजी वारले. त्यांच्यावरचा माहितीपट मराठी चित्रपट समीक्षक अशोक राणे यांनी केला आहे.